उघाडी

गुरु तेग बहादूर नगर स्थानकाच्या फलाटावर बसा. जुनी माणसं अजून याला कोळीवाडाच म्हणतात. दुपारी अडीच-तीनची वेळ बरी, बाक मिळतो. पिशवी मांडीवर घ्या, पाठ टेका. येईल ती वडाळ्याची गाडी जाऊ द्या. तिच्या मागचीही.

आधी नुसता श्वास. मुद्दाम खोल घेऊ नका, चाललाय तसा चालू द्या. एवढंच बघा की आपलं लक्ष आत येणाऱ्या हवेवर असतं. बाहेर जाणारी आपण हिशेबात धरत नाही.

हा परिसर शीवचा. शीव म्हणजे वेस. मुंबईचं बेट इथे संपायचं, पलीकडे खाडी आणि साष्टी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी याच वेशीवर, शीवला पाणी घ्यायला थांबली होती. चौदा डबे, चारशे पाहुणे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. डोळे मिटा. पाहुणे, तोफांची सलामी, सगळं बाजूला ठेवा आणि त्यातलं एकच इंजिन समोर आणा. त्याच्या सिलिंडरला लागून एक लोखंडी पेटी आहे. तिच्या आत चला.

पेटीत वाफ कोंडलेली. तळाला तीन खाचा, दोन कडेच्या आणि एक मधली. त्यांच्यावर एक पालथी वाटी मागेपुढे सरकते आहे. वाटी एका बाजूला गेली की कडेची खाच उघडी पडते आणि वाफ आत शिरून दट्ट्या ढकलते. त्याच क्षणी दट्ट्याच्या दुसऱ्या अंगाची, काम झालेली वाफ वाटीच्या पोटातून मधल्या खाचेत जाते आणि धुराड्यावाटे बाहेर पडते. तो भक्. हीच झडप. घरात कुकरची शिटी उडते ती आतल्या दाबानं. ही झडप मात्र चाक हलवतं, आणि चाकाला फिरवते ती हिनंच आत घेतलेली वाफ. या फेऱ्यावर थोडं थांबा.

आता वाटीच्या कडा बघा. खाचेपेक्षा त्या जरा रुंद ठेवलेल्या असतात. या जादा रुंदीला लॅप म्हणतात. लॅपमुळे वाफेची खाच लवकर मिटते. दट्ट्या निम्म्यावरही पोचलेला नसतो, तोवर नवी वाफ बंद. आत गेली तेवढीच फुगत, पसरत त्याला पुढे नेते. सपाटीला आलं की ड्रायव्हर रिव्हर्सर, म्हणजे वाफ कुठवर द्यायची ते ठरवणारा दांडा, मागे घेतो ते यासाठीच: चढावर वाफ घसघशीत लागते, सपाटीवर दट्ट्याच्या चालीचा पाव हिस्सा पुरतो. काटकसर आहे, पण कंजुषी नाही.

आणि बाहेरचं दार? ते दट्ट्या टोकाला पोचायच्या आधीच किलकिलं व्हायला लागतं. हे आपल्याला चमत्कारिक वाटतं, डोलकराला वाटणार नाही. पाणी फिरायच्या आत तो डोलाचं जाळं ओढून घेतो. पाणी फिरलं की आत आलेली मासळी उलटी निघून जाते.

वेळ किती मिळतो, हे एकदा बोटांवर मोजा. दौंड-मनमाडकडे ज्यांचं लहानपण गेलं त्यांना टोकदार नाकाचं डब्ल्यूपी इंजिन आठवत असेल. १९४७ साली ते अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आलं. त्याचं चाक साधारण १.७ मीटर व्यासाचं. ताशी ९६ किलोमीटर वेगाला ते सेकंदाला पाच फेरे घेतं. म्हणजे दट्ट्याची एक खेप सेकंदाच्या दहाव्या भागात. पाव चालीपर्यंतच वाफ द्यायची तर दार उघडं राहतं सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग. मोजून बघा, पापणीही एवढ्यात लवत नाही.

अशा घाईत इंजिनाचं घोडं कुठे अडतं? बहुतेकांना वाटतं, आत पुरेशी वाफ जात नाही. ते खरं, पण अर्धंच. गेलेली वाफ वेळेवर बाहेर पडत नाही. ती मागे रेंगाळते आणि परतणाऱ्या दट्ट्याला छाती लावून अडवते. कोकणात खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते. भरतीला तिची फळी आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. उघाडी अरुंद असली की ओहोटी होऊन जाते तरी शेतात पाणी तुंबलेलंच, आणि तेवढ्यात पुढची भरती दाराशी. माझ्या मते झडपेची सगळी विद्या त्या फळीत आहे.

उपाय दिसायला क्षुल्लक होता: लॅप वाढवायचा आणि झडपेची फेरीही लांबवायची, म्हणजे थोडक्या वेळात दार जास्त रुंद उघडतं. इंग्लंडात चर्चवर्ड या रेल्वे-अभियंत्यानं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच करून दाखवलं होतं. मोठी, देखणी इंजिनं घडवणाऱ्या ग्रेझ्लीला ते पटायला १९२५ साल उजाडलं. त्या वसंतात दोघांच्या रेल्वे कंपन्यांनी इंजिनं अदलाबदल करून पळवली. चर्चवर्डच्या घडणीतलं लहान 'पेंडेनिस कासल' कमी कोळशात सरस ठरलं. मग ग्रेझ्लीकडेही लॅप अर्ध्या इंचाहून कमीच वाढला, फेरी इंचभर लांबली आणि त्याच इंजिनांचा कोळसा चांगलाच वाचला. तेच बॉयलर, तीच चाकं. मला या गोष्टीतला तो उशीरच जास्त आवडतो. इतका हुशार माणूस, आणि इंचभरासाठी वर्षानुवर्षं अडून राहिला.

आता परत श्वासाकडे या. बाहेर जाणाऱ्या. तो पूर्ण जाऊ द्या, मधेच नवा ओढू नका. पाच-सहा वेळा.

डोळे उघडा. समोरच्या रुळांवरून, त्याच १९२५ च्या ३ फेब्रुवारीला, देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली. तिकडे झडपेचा इंच मोजला जात होता त्याच्या दोन-तीन महिने आधी. इथल्या लोकलला ना बॉयलर, ना धुराडं.

ती बघा आली. थांबेल, चार माणसं उतरतील. सुटताना डब्याखालून फुस्स असा आवाज येतो, तो ऐका. ब्रेकमध्ये कोंडलेली हवा एक झडप बाहेर सोडते आहे. ती सोडल्याशिवाय गाडी हलत नाही.