रिकामी खाट

लंडनच्या पश्चिम टोकाला, हीथ्रो विमानतळाजवळ, फेल्टम नावाचा तरुण कैद्यांचा तुरुंग आहे. पंधरा ते एकवीस वयाची पोरं तिथे असत. २००० सालच्या फेब्रुवारीत तिथल्या ‘स्वॅलो’ विभागात ३८ नंबरच्या कोठडीत दोन खाटा होत्या. एकीवर झाहिद मुबारक झोपायचा. दुसरी रिकामी होती. तुरुंगात जागेची कायमचीच ओढाताण. रिकामी खाट कुणाच्या तरी डोळ्यांत भरतेच. ही गोष्ट त्या खाटेची आहे.

झाहिद पूर्व लंडनच्या वॉल्थमस्टोचा, पाकिस्तानी मुळाच्या कुटुंबातला, एकोणीस वर्षांचा. गुन्हा काय, तर सहा पौंडांची दाढीची पाती चोरली आणि एका मोटारीशी नको ती खटपट केली. सहा पौंड म्हणजे तेव्हाचे जेमतेम चारशे रुपये. त्यासाठी नव्वद दिवसांची शिक्षा झाली. तुरुंगाची ही त्याची पहिलीच वेळ. पोरगा एकदा आत जाऊन आला की शहाणा होईल, असं न्यायाधीशांना वाटलं असावं. तसं वाटणारे न्यायाधीश आपल्याकडेही काही कमी नाहीत. २१ मार्चच्या सकाळी त्याची सुटका ठरली होती.

८ फेब्रुवारीला त्या रिकाम्या खाटेवर रॉबर्ट स्ट्युअर्ट आला. तोही झाहिदच्याच वयाचा, गोरा, मँचेस्टरजवळच्या हॅटर्सलीचा. कपाळावर क्रूस आणि थडग्यावर कोरतात ती तीन अक्षरं गोंदवलेली. त्याच्याकडे पाहून कुणीही दोन पावलं मागे सरला असता. त्याला आत सोडताना दार उघडणाऱ्यानेही ते कपाळ पाहिलंच असणार.

कपाळ राहू द्या. तुरुंगाचा कारभार चेहरा बघून चालत नाही, कागद बघून चालतो, आणि कागद भरपूर होते. स्टोक हीथच्या तुरुंगात १९९८ साली एका कैद्याचा खून झाला होता. खुनी ठरला तो स्ट्युअर्टचा मित्र, आणि त्या वेळी स्ट्युअर्ट तिथेच होता. १९९९च्या नोव्हेंबरात ऑल्टकोर्सच्या तुरुंगात मनोरुग्णांची देखभाल करणाऱ्या एका परिचारकाने त्याला तपासून लिहून ठेवलं, की याच्या व्यक्तिमत्त्वात जुना, खोलवर रुजलेला बिघाड आहे. उपाय म्हणून काहीच सुचवलं नाही. पुढे तो कधी हिंडलीच्या तुरुंगात, कधी कोर्टाच्या तारखेसाठी फेल्टममध्ये, असा ये-जा करत राहिला. फेल्टमला आणला होता तोच मुळी एका बाईला पत्रं पाठवून छळल्याच्या आरोपावरून. असा आरोप असलेल्या कैद्याची पत्रं वाचूनच पुढे पाठवायची, असा नियम होता. स्ट्युअर्ट पत्रं लिहीत होता आणि भरपूर लिहीत होता. त्यांत काळ्या आणि आशियाई लोकांना शिव्या होत्या, हिटलरच्या स्वस्तिकाची चित्रं होती. फेब्रुवारीतल्या एका पत्रात तर त्याने लिहिलं होतं, की जामीन मिळाला नाही तर इथून बदली व्हावी म्हणून वेळ पडल्यास कोठडीतल्या जोडीदारालाच मारीन. यातलं काही तुरुंगाच्या हाती लागलं आणि फाईलमध्ये गेलं. बाकीचं कुणी वाचलंच नाही.

म्हणजे ऑल्टकोर्सला एक गोष्ट ठाऊक होती, हिंडलीला दुसरी, फेल्टमच्या सुरक्षा विभागाला तिसरी. खाट कुणाला द्यायची हे ज्याच्या हातात होतं, त्याला यातलं काही कळवावं असं कुणाला वाटलं नाही. आणि ज्याच्या हातात होतं, त्यालाही विचारावंसं वाटलं नाही. खाट रिकामी होती, माणूस आला, दार लावलं.

सहा आठवडे दोघं त्या कोठडीत राहिले. तक्रार नव्हती, मारामारी नव्हती, म्हणून रक्षकांनी धरून चाललं की यांचं बरं चाललं आहे. एकोणीस वर्षांचा पोरगा, सुटकेला थोडेच दिवस उरलेले. तो कशाला उगाच तक्रार करून स्वतःवर लक्ष ओढवून घेईल? तुरुंगात गप्प राहणारा कैदी सुखी आहे असं समजणं अधिकाऱ्यांना नेहमीच सोयीचं असतं.

२१ मार्चच्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास, स्ट्युअर्टने टेबलाचा सुटा केलेला लाकडी पाय घेऊन झोपलेल्या झाहिदच्या डोक्यात घातला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग धोक्याची घंटा त्यानेच दाबली. धावत आलेल्या रक्षकाला दाराच्या फटीतून दिसला तो हातात टेबलाचा पाय घेऊन उभा असलेला स्ट्युअर्ट. माझ्या जोडीदाराला अपघात झालाय, असं तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याला दुसऱ्या कोठडीत नेलं, तर तिथल्या भिंतीवर बुटाच्या टाचेने त्याने आपण काय केलं ते लिहिलं आणि शेजारी स्वस्तिक काढलं. झाहिद सात दिवस रुग्णालयात जगला. २८ मार्चला गेला. त्या पहाटे आणखी पाचेक तास निघाले असते, तर तो फाटकाबाहेर असता.

स्ट्युअर्टला त्याच वर्षी १ नोव्हेंबरला खुनी ठरवून जन्मठेप झाली. पोलिसी कथा असती तर इथे संपली असती.

झाहिदच्या घरच्यांचा प्रश्न वेगळा होता. खून कोणी केला ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना विचारायचं होतं, की आमच्या मुलाच्या कोठडीत त्याला आणून कोणी ठेवलं? तुरुंगसेवेचे महासंचालक मार्टिन नेरी यांनी कुटुंबाला पत्र लिहून जबाबदारी मान्य केली. झाहिदला सुरक्षित ठेवणं आमचं काम होतं आणि त्यात आम्ही कमी पडलो, अशा अर्थाचं ते पत्र. इतकं सरळ पत्र सरकारी खात्यातून क्वचितच येतं, म्हणून त्याची नोंद करायला हवी. खात्याने अंतर्गत चौकशीही केली. पण उघड, साक्षीपुरावे घेणारी, कुटुंबाला प्रश्न विचारू देणारी स्वतंत्र चौकशी मागितली, तेव्हा सरकार नाही म्हणालं. जे व्हायचं ते झालं, कारणं कळली आहेत, आता आणखी काय हवं, असा एकूण सूर.

झाहिदचे काका इम्तियाझ अमीन कोर्टात गेले. २००१ मध्ये उच्च न्यायालयाने चौकशीचा आदेश दिला, २००२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि १६ ऑक्टोबर २००३ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल कुटुंबाच्या बाजूने दिला. सरकारच्या ताब्यात असताना माणूस मेला, तर त्याचा सगळ्यांसमोर हिशेब देणं सरकारला चुकवता येणार नाही, हे त्या निकालाचं सार. म्हणजे मुलगा गमावल्यावर सरकारला निव्वळ ‘चौकशी कर’ म्हणायला लावण्यातच कुटुंबाची साडेतीन वर्षं गेली.

२००४ मध्ये न्यायमूर्ती ब्रायन कीथ यांच्याकडे चौकशी आली. तिथे एक भयंकर आरोप पुढे आला. रक्षक मुद्दाम गोऱ्या आणि बिगरगोऱ्या पोरांना एका कोठडीत कोंडतात आणि ती भांडतात का, यावर पैजा लावतात. झाहिदचाही असाच बळी गेला. वर्तमानपत्रांना हा आरोप फारच आवडला. मलाही वाचताना वाटलं होतं, की हे खरं ठरलं तर निदान समजून घेता येईल. चार राक्षस शोधायचे, त्यांना शिक्षा द्यायची, झालं. न्यायमूर्तींनी तो आरोप बारकाईने तपासला आणि त्याला आधार नाही असं सांगितलं. झाहिद आणि स्ट्युअर्टला एकत्र ठेवण्यामागे कुणाचा डाव नव्हता. खाट रिकामी होती, एवढंच.

मग या प्रकरणात वर्णद्वेष कुठे आला? तो फक्त स्ट्युअर्टच्या डोक्यात होता आणि बाकीच्यांचा निव्वळ हलगर्जीपणा होता, असं म्हणणारे लोक तेव्हाही होते. मला ते पटत नाही. फेल्टममध्ये त्या काळी काय चाललं होतं ते चौकश्यांतून बाहेर आलं आहे. काळ्या आणि आशियाई मुलांना रक्षकांकडून वांशिक शिव्या मिळत. आशियाई कर्मचाऱ्यांनासुद्धा ‘गंमत’ म्हणून ते सोसावं लागे. एका अल्पसंख्याक मुलाला कोठडीच्या गजांना बेड्यांनी बांधून, त्याची पँट उतरवून, पार्श्वभागाला काळं बूटपॉलिश फासलं होतं. हे करणारे कैदी नव्हते, गणवेशातले लोक होते. जिथे रोजच्या बोलण्यात हेच असेल, तिथे एखाद्या पोराच्या पत्रातल्या शिव्या वाचून कोणाला धोक्याची घंटा ऐकू येणार? चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात दूध करपल्याचा वास लवकर येत नाही, तशातली गत. हेच पत्र एखाद्या काळ्या मुलाने गोऱ्यांबद्दल लिहिलं असतं, तर ते फाईलमध्ये निवांत पडून राहिलं असतं का, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा. मला उत्तराबद्दल शंका नाही.

आणि कुणी सावध केलं नव्हतं असंही नाही. स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाच्या खुनानंतर न्यायमूर्ती मॅकफर्सन यांचा अहवाल १९९९च्या फेब्रुवारीत आला होता, म्हणजे झाहिदच्या खुनाच्या वर्षभर आधी. मनात वाईट हेतू नसतानाही एखादी संस्था अज्ञानातून, बेफिकिरीतून, ठरीव समजुतींतून काही लोकांना कमी संरक्षण देते. तोही वर्णद्वेषच, आणि तो संस्थेचा, हे त्यात स्वच्छ मांडलं होतं. १९९८च्या अखेरीस तुरुंगांचे मुख्य निरीक्षक डेव्हिड रॅम्सबॉटम यांनी फेल्टमची तपासणी केली आणि तिथली स्थिती अजिबात खपवून घेण्याजोगी नाही, आधीच्या तपासणीपेक्षाही ती बिघडली आहे, असं लिहिलं. हे अहवालही कपाटात गेले. स्ट्युअर्टची फाईल जिथे गेली, तिथेच म्हणायचं.

कीथ यांचा अहवाल २९ जून २००६ ला प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी चुका मोजल्या. एकशे शहाऐंशी. पत्र वाचलं नाही, फाईल पुढे दिली नाही, नोंद अर्धी ठेवली, कोठडीची झडती नीट घेतली नाही, टेबल मोडलेलं आहे हे पाहिलं नाही. यातली एकही चूक अशी नाही की करणाऱ्याची रात्रीची झोप उडावी. बहुतेकांनी त्या दिवशीचं काम संपवलं आणि घरी जाऊन जेवले असतील. पण त्यातली एखादी जरी कोणी टाळली असती, तरी खून टळण्याची शक्यता होती. अहवालात ८८ शिफारशी आहेत. दोन कैद्यांना एका कोठडीत राहायला भाग पाडण्याची पद्धत शेवटी बंद व्हावी, हे उद्दिष्ट सोडू नका, असंही त्यांत सांगितलं आहे.

हे सगळं वाचताना आपले तुरुंग मनात येतातच. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जात पाहून कामं वाटून दिलेली होती. संडास, गटारं एकाकडे, स्वयंपाक दुसऱ्याकडे. न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. फेल्टमची फाईल धोका सांगत होती, ती कुणी वाचली नाही. आपल्याकडच्या नोंदवहीत जात लिहिलेली असे, ती मात्र न चुकता वाचली जाई. दोन्हीकडे कारकून आपापलं काम नियमाने करत होता, हे विसरू नये.

फेल्टमचा तुरुंग अजून चालू आहे. कोठडी वाटून देण्याआधी दोघांपैकी कुणाला कुणापासून धोका आहे का, हे लेखी तपासण्याची पद्धत झाहिदच्या खुनानंतर इंग्लंडच्या तुरुंगांत आली. दोन माणसांच्या कोठड्या अजूनही आहेत. या खुनासाठी तुरुंगसेवेतल्या कोणावरही खटला भरला गेला नाही. झाहिदच्या कुटुंबाने २००९ मध्ये त्याच्या नावाने एक ट्रस्ट काढला. कैद्यांनी भेदभावाविरुद्ध भरलेले तक्रारअर्ज आणि त्यांवर तुरुंगाने दिलेली उत्तरं तपासणं, हे त्या ट्रस्टचं एक मुख्य काम आहे. जे कागद वाचायला अधिकाऱ्यांना पगार मिळत होता, तसलेच कागद आता मेलेल्या मुलाच्या घरची माणसं वाचतात.