हद्दीपलीकडचा श्रोता

अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांना परवाने देणाऱ्या संघीय दळणवळण आयोगाच्या माध्यम विभागाने 2010 च्या जानेवारीत काढलेला एक हुकूम वरवर पाहता निव्वळ तांत्रिक आहे. परंतु नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा, असे मला वाटते. 2002 पासून तेथील एफएम केंद्रांना आपल्या मूळ प्रक्षेपणाच्या दोन्ही अंगांना ‘एचडी रेडिओ’ नामक डिजिटल प्रक्षेपण जोडण्याची मुभा होती, मात्र त्याची शक्ती मुळाच्या 1 टक्क्याहून अधिक नसावी, असे बंधन होते. इतक्या क्षीण लहरी घरांच्या भिंती भेदीत नाहीत, अशी केंद्रचालकांची कैफियत आल्यावर ती मर्यादा बहुतेकांना 4 टक्क्यांपर्यंत, आणि शेजारच्या वाहिनीवरील केंद्राला बाधा होणार नाही असा हिशेब दाखविणाऱ्यांना 10 टक्क्यांपर्यंत वाढवून देण्यात आली.

आता, लगतच्या दोन वाहिन्यांत तेथे अंतर असते 200 किलोहर्ट्झचे, आणि हे डिजिटल पट्टे पडतात मूळ लहरीपासून सुमारे 130 ते 200 किलोहर्ट्झवर, म्हणजे उघडउघड शेजाऱ्याच्या आवारात. प्रत्येक केंद्राला कायद्याने एक संरक्षित परीघ आखून दिलेला असतो. व्यत्ययाची दाद मागायची ती त्याच्या आतल्या श्रोत्यांसाठी. परंतु त्या रेषेच्या चार कोस पलीकडे, एखाद्या शेतघरात, दूरच्या विद्यापीठाचे संगीत किंवा रविवारची उपासना वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या माणसाच्या कानी एके दिवशी नुसती खरखर येऊ लागली, तर कायदा म्हणतो की, त्याचे काही गेलेच नाही, कारण त्याचे तेथे काही नव्हतेच!

शब्द हा आकाशाचा गुण, असे वैशेषिक दर्शनकारांनी मानले, आणि सर्वांना अवकाश देणे हे आकाशाचे लक्षण सांगितले गेले. पदार्थविज्ञानाचा निर्वाळाही याला फारसा विरोधी नाही, कारण दोन लहरी अंतराळात एकमेकींतून अविकृत निघून जातात आणि कलह उद्भवतो तो ग्राहकयंत्रात. त्यावरून प्रबळ पक्ष साळसूदपणे सुचवितो की, श्रोत्याने अधिक चांगले यंत्र घ्यावे. हा युक्तिवाद मला लबाडीचा वाटतो. आगंतुक लहर शेजाऱ्याच्याच कंपनसंख्येवर येऊन बसली असता कितीही सूक्ष्म गाळणी तिला वेगळी काढू शकत नाही. फार तर दिशादर्शी आकाशक उभारून थोडा बचाव होईल, आणि त्याचा खर्च पडणार तो मात्र ज्याने काहीच केले नाही त्याच्यावर.

येथे हेतू दुष्ट नाही, हे मान्य. परंतु जैन आचार्यांनी हिंसेचे मूळ शोधताना द्वेषापाशी न थांबता प्रमादावर, बेसावधपणावर, बोट ठेवले, आणि आपल्या कृतीचा परिणाम आधी गणिताने काढता येत असताना तो न काढणे हा प्रमादच होय. गणित तर येतेच! 2024 मध्ये आयोगाने दोन्ही अंगांची शक्ती विषम ठेवण्याची सर्वसाधारण परवानगी दिली. तेव्हापासून ज्या अंगाला शेजारी आहे तेथे आवाज आवरून दुसऱ्या अंगाला तो वाढविता येतो. ही सोय मला मोठी सुसंस्कृत वाटते. मात्र तिचाही हिशेब शेजाऱ्याच्या संरक्षित परिघापाशीच संपतो, आणि त्या शेतघरातील श्रोता तिच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.