दुसरा डॉट

जयपूरच्या बनी पार्कमधल्या एखाद्या घराचा पत्ता प्रोग्रॅममध्ये कसा ठेवायचा? नुकतंच पायथन शिकायला लागलेलं मूल याचं उत्तर पटकन देतं. 'विद्यार्थी' नावाचा क्लास करायचा, त्यात नाव, वय, इयत्ता आणि पत्ता ठेवायचा. पत्ता म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेली एक लांबलचक स्ट्रिंग. प्रोग्रॅम चालतो, पाकिटावर पत्ता छापलाही जातो. मग कुणीतरी विचारतं, ३०२०१६ या पिनकोडचे विद्यार्थी किती? तिथून त्या स्ट्रिंगची चिरफाड सुरू होते. शेवटचे सहा अंक कापावेत, तर एकाने पिननंतर 'राजस्थान' लिहिलेलं असतं, दुसऱ्याने तीन अंकांनंतर जागा सोडलेली असते आणि तिसऱ्याने पिनच्या जागी मोबाइल नंबर टाकलेला असतो.

पत्ता ही मुळात स्वतंत्र वस्तू आहे. तिला घर क्रमांक आहे, रस्ता आहे, शहर आहे, पिन आहे. म्हणून तिचा वेगळा क्लास करायचा आणि त्याचं ऑब्जेक्ट विद्यार्थ्याच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवायचं. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, तेव्हा 'ताई' नावाच्या विद्यार्थिनीचा पिन हवा असेल तर सरळ लिहिता येतं: ताई.पत्ता.पिन. शिकणाऱ्याच्या वाटेवर हा दुसरा डॉट मला लूप किंवा फंक्शनपेक्षाही मोठा टप्पा वाटतो. खरं तर पायथनमध्ये स्ट्रिंगही ऑब्जेक्टच असते, त्यामुळे मूल पहिल्या दिवसापासून नकळत हेच करत आलेलं असतं. पण आपण स्वतः घडवलेला प्रकारही त्याच मानाने तिथे बसू शकतो, हे त्याला इथे पहिल्यांदा दिसतं. गणित करणारा प्रोग्रॅम इथून जग मांडायला लागतो, आणि जग मांडायचं म्हणजे कुणाचं कुणाशी काय नातं आहे हे ठरवावं लागतं.

पिनचंच बघा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसामुळे. टपाल खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे जाणते कवी असलेल्या वेलणकरांपुढचा प्रश्न रोकडा होता. गावांची नावं सारखी, लिप्या वेगवेगळ्या, अक्षर कुणाचं कसं. औरंगाबाद महाराष्ट्रात होतं तसं बिहारमध्येही आहे. राजस्थानात जयपूर, तर ओडिशात जेपोर. त्यांनी सहा अंकांत एक उतरंड बसवली. ३०२०१६ मधला पहिला ३ म्हणजे राजस्थान-गुजरातचा विभाग, ३० म्हणजे राजस्थानातला एक उपविभाग, ३०२ म्हणजे जयपूरचा वर्गीकरण जिल्हा आणि शेवटचे ०१६ म्हणजे तिथलं टपाल कार्यालय. पुण्यात पत्रं निवडणाऱ्याला ०१६ शी काही कर्तव्य नाही. त्याने सुरुवातीचे अंक वाचून पत्र पुढे ढकलायचं. बाकीचं जयपूर बघून घेईल.

म्हणजे पिन हा दिसायला आकडा असला तरी आकडा नाही. दोन पिनची बेरीज होत नाही, चाळीस विद्यार्थ्यांच्या पिनची सरासरी काढून हाती काही लागत नाही. त्याला विचारता येतात ते वेगळेच प्रश्न: तुझा विभाग कोणता, तुझा जिल्हा कोणता? असे प्रश्न पडायला लागले की पिनचाही स्वतंत्र क्लास करावा. तोवर स्ट्रिंग पुरे. नवं नवं शिकलेली मुलं उत्साहाच्या भरात वयाचा आणि आडनावाचाही क्लास करतात. त्यांना थांबवू नये, पण 'याला तू काय विचारणार आहेस?' एवढं जरूर विचारावं. शिवाय पाकीट छापणाऱ्या फंक्शनने ताई.पत्ता.पिन.विभाग असं आत आत शिरत जाऊ नये. त्याने ताईकडे पाकिटावरचा मजकूर मागावा, ताईने तो पत्त्याकडून घ्यावा. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९८७ मध्ये मांडलेला 'डिमीटरचा नियम' हेच सांगतो, आणि वेलणकरांची टपालव्यवस्था त्याच्या पंधरा वर्षं आधीपासून तसं वागत होती.

खरी कसोटी पुढे आहे. बनी पार्कमध्ये भाड्याने राहणारं एक मराठी कुटुंब कल्पनेत आणा. ताई आणि दादा एकाच घरात राहतात, म्हणून पत्त्याचं एकच ऑब्जेक्ट केलं, त्याला 'घर' म्हटलं आणि लिहिलं: ताई.पत्ता = घर, दादा.पत्ता = घर. मग दादाला पुण्यात नोकरी लागते, तो कोथरूडला जातो. मूल लिहितं, दादा.पत्ता.पिन = "४११०३८". दादाचा पिन बरोबर बदलतो. पण ताईचा पिन छापून पाहिला तर तोही ४११०३८! ताई जयपुरातच आहे, तिच्याबद्दलची एकही ओळ कुणी लिहिलेली नाही. अशा वेळी संगणकच बिघडला असं मुलांना मनापासून वाटतं.

बिघडलेलं काही नसतं. ताईच्या किंवा दादाच्या पोटात पत्ता कधी नव्हताच. दोघांकडे एकाच घराकडे जाणारी वाट तेवढी होती, ज्याला रेफरन्स म्हणतात. दादा.पत्ता.पिन बदलणं म्हणजे त्या वाटेने जाऊन घरालाच हात घालणं. दादाने घर सोडलं असेल तर त्याला नवा पत्ता द्यायला हवा: दादा.पत्ता = पत्ता(...), कंसात कोथरूडचा तपशील. आणि समजा, महापालिकेने घरासमोरच्या रस्त्याचं नाव बदललं, तर? मग घर.रस्ता बदलणंच योग्य, कारण तो बदल दोघांनाही लागू व्हायलाच हवा. घर बदललं की माणसाने घर बदललं, हा प्रश्न प्रोग्रॅमचा नाहीच. तो जगात नेमकं काय घडलं याचा आहे. कोडमध्ये मात्र त्याचा निवाडा एका डॉटवर होतो. पाठ्यपुस्तकं हा भाग दोन ओळींत उरकतात याचं मला फार वाईट वाटतं. इथे एक तास द्यावा, कागदावर चौकोन आणि बाण काढायला लावावेत, मुलांना भांडू द्यावं.

त्याऐवजी होतं काय, तर शिकवणारे घाईघाईने इनहेरिटन्सकडे, म्हणजे वारशाकडे, वळतात: कुत्रा हा प्राणी, मांजर हा प्राणी. १९६७ साली ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि उपक्लास दिले, तेव्हापासून या कुळाचाराला मोठा मान आहे. पण बनी पार्कमध्ये फिरून यावं. इथल्या कितीतरी जुन्या हवेल्या आणि बंगले आज हॉटेलं आहेत. देवी मार्गावरचं शाहपुरा हाऊस त्यांपैकीच एक. 'राहतं घर' आणि 'हॉटेल' असे वास्तूचे दोन उपक्लास केले, तर घराचं हॉटेल होताना आधीचं ऑब्जेक्ट टाकून नवं उभारावं लागतं. प्रत्यक्षात भिंती त्याच, अंगण तेच, पत्ताही तोच. बदललेला असतो तो वापर. मग 'वापर' हे एक ऑब्जेक्ट करून हवेलीच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवावं. त्याच्यात खोल्यांचे दर असतील, परवाने असतील. उद्या मालकाने व्यवसाय बंद केला तर तेवढंच बदलायचं. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्हिलिसिडिस या चौघांनी १९९४ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात वारशापेक्षा अशा जोडणीला पसंती दिली. नवशिक्यांना ती आधी शिकवावी, वारसा मागाहून, असं माझं ठाम मत आहे.

एवढं पचलं की हुशार मूल पुढचा प्रश्न आपणच आणतं: ताईला घर माहीत आहे, मग घराला ताई नको का माहीत? हवी. घर.रहिवासी अशी यादी करावी. पण मग ताई छापताना घर छापलं, घर छापताना रहिवासी छापले, की ताई पुन्हा येते, पुन्हा घर येतं, आणि सुमारे १००० पातळ्या खाली गेल्यावर पायथन चूक दाखवून थांबतं. ही चूक निदान दिसते तरी. दुसरी दिसत नाही. दादा कोथरूडला गेला तेव्हा दादा.पत्ता बदलला, पण घर.रहिवासी या यादीत त्याचं नाव तसंच राहिलं. मतदारयाद्यांत वर्षानुवर्षं दोन-दोन गावी नाव असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून घर सोडण्याचं काम एकाच फंक्शनकडे द्यावं लागतं, जे यादीतून नाव काढेल आणि दादाला नवा पत्ताही देईल. ते फंक्शन दादाच्या क्लासमध्ये लिहायचं की घराच्या, यावर वर्गात दोन तट पडतात, आणि दोन्ही बाजूंची बिनतोड कारणं मी ऐकली आहेत.