टस्कनीतले शेतघर

इटलीतील टस्कनी प्रांतात, कियान्तीच्या द्राक्षमळ्यांमध्ये जुनी दगडी शेतघरे आहेत. परदेशी श्रीमंत ती विकत घेऊन सुट्टीचा बंगला करतात. यात पाप ते काय, असे आपण म्हणू. नाबोथाने वडिलार्जित द्राक्षमळा राजाला द्यायला नकार दिला, म्हणून त्याला दगडमार करून ठार केले (1 राजे 21). इथे तर विकणारा राजीखुशीने विकतो.

पण ही घरे रिकामी कशी झाली? तिथे अर्धेलीची पद्धत होती. कुळाने राबायचे, निम्मे पीक मालकाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे, कारखान्यांकडे गेली. 1964 च्या कायद्याने असे नवे करारही बंद झाले. ज्या कष्टांना कंटाळून ती माणसे निघून गेली, त्याच जागी आपण मनःशांती शोधतो आणि खालच्या गोठ्याचा दिवाणखाना करतो!

घेणाऱ्याने डागडुजी केली नसती, तर कित्येक छपरे कोसळली असती, हेही आम्हाला मान्य आहे. म्हणून आम्ही व्यवहाराला दोष देत नाही. आमचा प्रश्न शेजाराचा आहे. अहाब राजा निदान नाबोथाच्या मळ्याशेजारी राहत होता. इथे वर्षातले दहा महिने दाराला कुलूप असेल, तर अडीअडचणीला गावाने हाक कोणाला मारायची? रविवारी मिस्साला त्या घरातून कोण येणार?