डालड्याच्या डब्यातली तुळस

बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या रेल्वेने खानापूर सोडले की लोंढ्याच्या अलीकडे गुंजी लागते. माऊली देवीचे गाव, मागे जंगल. पावसाळा असा की मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात आणि आगपेटीच्या चार काड्या घासल्यावर पाचवी पेटली तर नशीब. अशा मुलखात घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा रिकामा झाला म्हणून कोणी टाकून देत नाही. पंधरा किलो तेलाचा डबा वरून कापायचा, कडा वळवायच्या, झाळणाऱ्याकडून बिजागरीचे झाकण आणि कडी बसवून घ्यायची, की तांदळाची सोय झाली. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा आणि बटणे. पार फुटलेला डबा रानडुकरे हाकलताना बडवायला. आणि ज्याला दारात वृंदावन बांधणे परवडत नाही, त्याच्या तुळशीला डालड्याचा डबा. बुडाला खिळ्याने चार भोके पाडायची, बाहेरून काव फासायची, तुळशीच्या लग्नाला त्यावर ‘राधा दामोदर प्रसन्न’ लिहायचे. ऊस उभा करायचा, आत आवळा-चिंच ठेवायची, अंतरपाट धरायचा. पिवळ्या पत्र्यावरचे हिरवे ताडाचे झाड कावेखालून दिसत असले, तरी मंगलाष्टके अडत नाहीत.

पण कालपर्यंत ज्या डब्यात बाजारातले वनस्पती तूप होते, तो आज देवतेचे आसन झाला तो नेमका कशाने? धुतल्याने, कावेने, की तुळशीने?

डालडा साधा नव्हता. १९३७ साली तो बाजारात आला. ‘दादा’ या आयातदाराच्या नावात लिव्हर कंपनीचा ‘ल’ घातला आणि ‘डालडा’ झाला. शुद्ध तूप खाणाऱ्यांनी त्याला नाके मुरडली. खुद्द गांधीजी वनस्पती तुपाच्या विरोधात होते. १९८३ साली वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याच्या आरोपाने देशभर गदारोळ झाला, तेव्हा प्रश्न पचनाचा उरला नाही, धर्माचा झाला. डब्यातले ओतून देता येते. पण तांदळाने भरलेल्या आणि तुळस लावलेल्या जुन्या डब्यांचे काय करायचे?

धर्मशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय ‘द्रव्यशुद्धी’वर बराच वेळ खर्च करतो. धातूची भांडी राख, पाणी आणि मातीने शुद्ध होतात. तांबे, लोखंड, कासे, पितळ, शिसे यांच्या यादीत ‘त्रपु’, म्हणजे कथीलही आहे. या सगळ्यांना क्षार, आंबट आणि पाणी पुरते. राख आणि चिंच घेऊन भांडी घासणाऱ्या बायका ही रीत ग्रंथ न उघडताच पाळत आल्या. आता पत्र्याचा डबा म्हणजे तरी काय? लोखंडाचा पातळ पत्रा आणि त्यावर कथलाचा मुलामा, म्हणजे कारखान्यात कल्हई करून आलेले भांडे. जमशेदपूरजवळ गोलमुरीला १९२० साली टिनप्लेट कंपनी निघाली ती मुख्यतः असाच पत्रा करायला, कारण बर्मा ऑइलला रॉकेल भरण्यासाठी डबे हवे होते. थोडक्यात, मनूच्या हिशेबाने डालड्याचा डबा चिंच-राखेने सुटतो.

मातीचे तसे नाही. बाटलेले मडके पुन्हा भट्टीत घालावे लागते, आणि मद्य किंवा मलमूत्र लागलेले मडके भट्टीनेही शुद्ध होत नाही. गुंजीकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण त्यांचा तालुकाच मातीचा. खानापूरच्या मातीची भांडी आणि कौले नावाजलेली, खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही तिथेच. मातीचे भांडे झिरपते, आतले पोटात घेते. म्हणून तर लोणच्याची बरणी चिनीमातीची लागते, झिलई दिलेली. शास्त्रकाराचे निरीक्षण इथे चोख आहे. धातू विसरतो, माती विसरत नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी मुलाला हीच माती दाखवतो, पण निष्कर्ष भलताच काढतो. एक ढेकूळ कळले की मातीचे सगळे कळले, घडा-मडके ही फक्त नावे. सोन्याचेही तसेच, लोखंडाचेही तसेच. आरुणीला खानापूर तालुक्यातले एखादे स्वयंपाकघर दाखवायला हवे होते. तिथे तीस वर्षे तांदूळ असलेल्या डब्यालाही ‘डालड्याचा डबा’ म्हणतात आणि आत फक्त सुया असल्या तरी ‘बिस्किटांचा डबा’. पदार्थ संपला, रूप बदलले, नाव मात्र गेले नाही. आरुणीच्या मते नाव सर्वांत पोकळ. डब्याच्या बाबतीत तेच सर्वांत चिवट निघाले.

आणि नावाचा चिवटपणा नेहमी असा गमतीचा नसतो. कथलाच्या भांड्याला चिंच-राखेत माफ करणारी तीच मनुस्मृती दहाव्या अध्यायात माणसांच्या एका समूहाला ‘अपपात्र’ ठरवते आणि गावाबाहेर राहायला सांगते. शब्दात ‘पात्र’च आहे. भाष्यकारांनी अर्थ लावला तो असा की यांनी वापरलेले भांडे घासूनही शुद्ध होत नाही. म्हणजे धातूचा विसराळूपणा माणूस पाहून बदलतो. चहाच्या हॉटेलांत बाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपबशा याच न्यायाच्या. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, ती द्रव्यशुद्धीसाठी नव्हे, या मनुष्य-अशुद्धीसाठी. शुद्धीचा नियम भांड्यापुरता असतो तोवर तो शहाणपणा असतो. माणसावर घसरला की त्याला दुसरे नाव द्यावे लागते.

डब्याच्या मूळ प्रश्नाला निपाणीच्या बाजूला आणखी एक उत्तर आहे, आणि ते सर्वांत कडक. निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) यांनी दिगंबर मुनिदीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्याजवळ उरली ती मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. डबा धुवायचा की नाही हा प्रश्नच मिटला. पण जैन शास्त्र नुसत्या वस्तूंच्या संख्येवर बोट ठेवत नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’ अशी आहे, म्हणजे गुंतणे, आसक्ती. तांदळाने भरलेला डबा मूर्च्छेत बसेलसे वाटत नाही. ‘कधीतरी लागतील’ म्हणून माळ्यावर गंजत पडलेले बावीस रिकामे डबे बहुधा बसतील. कित्येक घरांतल्या आज्या हे ऐकून रागावतील.

कायद्याने या वादात घेतलेली बाजू मात्र मनूच्या उलट आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार एकदा वापरलेला टिनचा डबा खाद्यतेल किंवा तूप भरून विकण्यासाठी पुन्हा वापरता येत नाही. घरात तांदूळ भरा, तुळस लावा, कोणी विचारणार नाही. व्यापाऱ्याने मात्र त्यात पुन्हा तेल विकायचे नाही. धुतलेल्या डब्यात आधी काय होते हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. घरातल्या बाईला ते ठाऊक असते. तिच्या डब्याला चिकटून राहिलेले जुने नाव इथे उपयोगी पडते, ती त्या डब्याची नोंदवहीच असते.

ही नोंद पुसली गेली की काय होते, ते १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात दिसले. गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात तेल ठेवले गेले असावे, असा संशय तेव्हा जाहीरपणे व्यक्त झाला. तिथे चिंच आणि राख काय करणार? शास्त्रकाराच्या काळातला विटाळ डोळ्यांना दिसे किंवा नाकाला कळे. शेतीच्या औषधाचा अंश सांध्यांत, झाकणाच्या आट्यांत बसून राहतो, आणि वरून भांडे लख्ख दिसते. डालड्याचा डबा तुळशीला चालतो. औषधाचा डबा तुळशीलाही चालत नाही, कारण तिची पाने उद्या तीर्थात पडतात आणि नैवेद्यावर ठेवली जातात.

खानापूरच्या भातशेतीत आणि निपाणीच्या तंबाखूत औषध फवारणाऱ्यांनी म्हणून एवढे करावे. डबा रिकामा झाला की तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी नव्हे. मग तुळशीच्या डब्याला भोके पाडायला वापरला तोच खिळा घ्यावा, या डब्याच्या बुडालाही भोके पाडावीत आणि डबा ठेचून चपटा करावा, म्हणजे त्यात कोणी पुन्हा काही भरणार नाही.