वाचणारे यंत्र आणि ‘कोयता’

कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ ही संगणकप्रणाली कार्यान्वित केली. महाजालावरील मजकूर अहोरात्र वाचून तिने आपले ज्ञान आपणच वाढवावे, अशी ही कल्पना होती. २०१५ पर्यंत तिच्यापाशी आठ कोटींहून अधिक विधाने जमली होती आणि प्रत्येकासोबत विश्वासाचे माप होते. याच प्रणालीने संगणकातील ‘कुकी’ भट्टीतल्या बिस्किटांत जमा केली आणि पाठोपाठ फायलींनाही खाद्यपदार्थ ठरवले. माणसांनी ती चूक दुरुस्त केली.

हे उदाहरण हसून सोडून देण्याजोगे नाही. बीड जिल्ह्यात ‘कोयता’ म्हणजे ऊसतोडीचे हत्यार, आणि ते चालवणारी नवराबायकोची जोडीही. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’. वृत्तपत्रांतून हा शब्द शिकणाऱ्याला मात्र पुण्याची ‘कोयता गँग’च वारंवार भेटेल. ‘पिशवी’चेही तसेच. फडावरची बाई ‘पिशवी काढली’ म्हणते, तेव्हा ती गर्भाशयाविषयी बोलत असते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा यंत्र वाचू शकते. परंतु खाड्याच्या दंडाचे भय त्या ‘पिशवी’त कसे सामावले आहे, हे आकडा सांगत नाही.

न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण आप्ताच्या शब्दाला. ज्याला वस्तूचे साक्षात् ज्ञान आहे आणि ते यथार्थ सांगण्याची इच्छा आहे, तो आप्त. ‘नेल’ची भिस्त मुख्यत्वे पुनरुक्तीवर होती. अनेकांनी एकमेकांचे वाचून लिहिलेले विधान आणि एकीने भोगून सांगितलेले विधान यांतला भेद पुनरुक्तीला ओळखता येत नाही.

यावर आक्षेप असा, की आजची भाषा-प्रारूपे संदर्भ जाणतात. ‘कोयत्या’चा हा अर्थ कोठे लिहिलेला असेल, तर तो त्यांनाही सापडेल. आक्षेप ग्राह्य आहे. मात्र तो प्रश्न संपवत नाही, आपल्याकडे वळवतो. जिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि जिने स्वतः फारसे लिहिले नाही, तिच्याबाबत आपण मराठी वाचक तरी त्या यंत्राहून कितीसे वेगळे आहोत? आपलेही बीड बव्हंशी छापील आहे.

म्हणून अधिक मजकूर पुरवणे हा पुरेसा उपाय नव्हे. ‘कुकी’ची चूक दुरुस्त झाली, कारण ती ओळखणारी माणसे यंत्रापाशी बसलेली होती. ‘कोयत्या’चा अर्थ चुकला, तर ‘असं नाही’ असे म्हणण्याचा अधिकार फडावरच्या बाईला असेल काय? ज्ञानाच्या व्यवहारात तिचे स्थान केवळ विषयाचे राहणार की आप्ताचे, हा नैतिक निर्णय आहे. आणि तो यंत्रावर सोपवता येणार नाही.