स्थानपोथी आणि स्थानवंदन

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या परिभ्रमणाने पावन झालेली स्थाने ऋद्धिपूर, प्रतिष्ठान, डोमेग्राम अशी दूरदूर विखुरलेली आहेत. एवढ्या विस्तीर्ण भूमीत अटन करणाऱ्या साधकाची वाट चुकू नये, म्हणून चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी स्थानपोथी सिद्ध केली. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, आसन कोठे झाले, हे ती नेमके सांगते.

परंतु देवळे पडतात, नद्या पात्रे बदलतात. केवळ अक्षरास धरून चालणारा खूण न सापडल्यामुळे निराश होऊन परततो. पोथी टाकून चालणारा भलत्याच ओट्यास दंडवत घालतो. दोघेही स्थानास अंतरतात.

मग साधकाने काय करावे? सूत्राचा अर्थ जसा प्रकरणावाचून उलगडत नाही, तसे स्थानाचे महत्त्व लीळेवाचून उमगत नाही. म्हणून पोथीवरून दिशा घ्यावी, जाणत्या भिक्षूस खूण विचारावी, आणि तेथे पोहोचल्यावर म्हाइंभटांनी लीळाचरित्रात संग्रहिलेली त्या ठिकाणची लीळा आठवावी. पोथी साधकास ओट्यापर्यंत नेते. पुढील स्मरण ज्याचे त्यानेच करावयाचे असते. त्या स्मरणासाठीच हे अटन सांगितले आहे.